मेणवलीचा वाडा, तीन दिवस आणि आत्याचे खण

दिवस पहिला

महाबळेश्वरला जाताना वाई आली की गाडीत कोणीतरी हमखास म्हणायचं, इथून तीन किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आहे, बघायचा का, आणि दरवेळी उत्तर एकच, येताना बघू. येताना अंधार झालेला असायचा. अशी वीस वर्षं गेली. या डिसेंबरात ठरवलं की महाबळेश्वर नको, पाचगणी नको, फक्त मेणवली, आणि सोबत आत्या.

आत्या का, तर आमच्या घरात वाड्यात वाढलेलं आणि त्याबद्दल नीट बोलू शकणारं आता तीच माणूस आहे. आमचा वाडा कऱ्हाडच्या पुढे एका गावात होता. नानांच्या वाड्यासमोर तो काहीच नाही, दोन चौकांचा, पण होता. २००६ साली उतरवला. वाडा पाडत नाहीत, उतरवतात, कारण लाकूड सुटं करून विकायचं असतं, आणि तसं ते विकलं गेलं. मला तो आठवतो तो सुट्टीतला, आंब्याचा वास आणि अंधारा जिना एवढाच. नकाशा कोणी काढून ठेवला नाही, फोटो आहेत ते लग्नामुंजीचे, त्यात माणसं दिसतात, मागची भिंत दिसत नाही. म्हणून आत्याला म्हटलं, तू चल, आपण एक शाबूत वाडा नीट बघू, तू मला शिकव. ती ७४ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण म्हणाली, "तीन दिवस एकाच वाड्याला? मग येते. धावतपळत बघायचं असेल तर मी घरीच बरी."

स्वारगेटवरून एसटी घेतली. खंबाटकीचा घाट चढला, सुरूर फाट्यावर गाडी उजवीकडे वळली आणि हवा बदललीच, दोन्ही बाजूला हळदीची शेतं, पानं पिवळी पडायला लागलेली. दुपारी वाईत उतरलो, खोली घेतली, जेवलो, आत्या जरा पडली.

संध्याकाळी ढोल्या गणपतीला गेलो. दर्शन झाल्यावर आत्या म्हणाली आता मागे चल, देवळाची पाठ बघू. वाईला येणाऱ्या बऱ्याच लोकांचं हे बघायचं राहून जातं. देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं ते अगदी कृष्णेच्या पात्राला लागून, आणि पुराचं पाणी थेट भिंतीवर आदळू नये म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली, टोकाला निमुळती. म्हणजे पाणी आलं की टोकावर दुभंगतं आणि दोन बाजूंनी निघून जातं. बांधणाऱ्यांनी नदीशी भांडण घेतलं नाही, तिला वाट करून दिली. आता वर धोम धरण असल्यामुळे पूर्वीसारखं पाणी येत नाही, पण तो निमुळता दगड बघितला की पूर्वी काय येत असेल ते कळतं. मी बराच वेळ त्यावर हात फिरवत बसले. घाटावर बायका दिवे सोडत होत्या, समोर पांडवगड काळा होत गेला.

रात्री आत्याने वहीत एक चौकोन काढला आणि म्हणाली उद्या आधी मोजायचं, मग बघायचं. काय मोजायचं ते सांगितलं नाही.

दिवस दुसरा

सकाळी धुकं इतकं की रिक्षावाल्याने दिवे लावले होते. मेणवली गाव लहान, रस्ता अरुंद, आणि वाडा एकदम समोर येतो. म्हणजे वाडा दिसतच नाही आधी, दिसते ती भिंत. उंच, गडाच्या तटासारखी, खाली घडीव काळा दगड. पुण्यातल्या शनिवारवाड्याजवळचा नानावाडा मी अनेकदा बघितला होता, तोही नानांचाच, पण तो शहराच्या गर्दीत आहे, चारी बाजूंनी गजबज. इथे भिंतीच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला झाडी आणि नदी. गावाकडचं घर. कामाच्या धबडग्यातून बाहेर पडून यायचं घर.

थोडा इतिहास इथेच सांगते, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल. नानांचं मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू, जन्म सातारचा, १७४२. वडील वारले तेव्हा हे १४ वर्षांचे, आणि पेशव्यांची फडणिशी अंगावर आली. फडणीस म्हणजे फडावरचा हिशेबनीस, सगळ्या जमाखर्चाचा, सनदांचा, कागदांचा मालक. १९ व्या वर्षी पानिपतावर होते, सोबत आई आणि बायको होत्या. नाना जीव वाचवून परत आले, बायको परत आली, आईची ताटातूट झाली ती कायमची. त्यांनी स्वतःबद्दल थोडं लिहून ठेवलंय, त्यात हे आहे. त्यानंतर सात वर्षांनी, १७६८ च्या डिसेंबरात, औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी त्यांना मेणवलीची जमीन दिली. तेव्हा नाना २६ वर्षांचे. बारभाई, सालबाईचा तह, खर्डा, ज्यामुळे आपण त्यांना ओळखतो ते सगळं पुढचं. गाव वसवलं, वाडा बांधला, नदीला घाट बांधला आणि घाटावर दोन देवळं बांधली, एक विष्णूचं आणि एक मेणेश्वराचं, म्हणजे शिवाचं. वाडा, घाट, देऊळ, हे त्या काळी मोठ्या घराचं ठरलेलं त्रिकूट.

आता दार. मोठं दार, त्यात छोटी दिंडी. आत्याने मला दिंडीतून आत जायला लावलं आणि विचारलं, काय झालं? काय होणार, वाकावं लागलं. म्हणाली, "बरोब्बर. एका वेळी एक माणूस, तोही मान खाली घालून, आणि आधी पाय आत येतो मग डोकं. आत पहारेकरी उभा असला तर त्याला किती सोपं." दाराच्या मागे भिंतीत दोन्हीकडे चौकोनी भोकं असतात, त्यात अडसर जातो. एका बाजूचं भोक खोल, भिंतीत हातभर आत जाणारं, दिवसा आख्खा अडसर त्यात सरकवून ठेवायचा आणि रात्री ओढून काढून दुसऱ्या बाजूला अडकवायचा. आत्याने त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि जरा वेळ तशीच उभी राहिली. आमच्याकडे रात्री अडसर ओढायचं काम तिचं होतं म्हणे, नऊ वाजता, आणि तो आवाज गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जायचा.

वाड्याची देखरेख करणारे काका आले, आत्याशी दोन शब्द बोलले आणि त्यांना लगेच कळलं की ही बाई बघायला आलीय, फोटो काढायला नाही. म्हणाले, "बघा निवांत, फक्त वरच्या जिन्यात जपून."

वाड्याला सहा चौक आहेत. नुसतं सहा म्हणून कळत नाही, एकातून दुसऱ्यात जात राहिलं की कळतं. पहिल्या चौकात तुम्ही परके, दुसऱ्यात कामाचे, तिसऱ्यात ओळखीचे, आणि त्याच्याही आत जाता आलं म्हणजे घरचे. पेशवाईतल्या वाड्यांची रचना साधारण अशीच, पुढे देवडी आणि पहारा, मग कचेरी आणि बैठक, मग देवघर माजघर, मग स्वयंपाक आणि बायकांचा वावर, आणि शेवटी गोठा, लाकूडफाटा. एका चौकातून पुढच्या चौकात सरळ आरपार दिसत नाही, दार थोडं बाजूला असतं. मी आधी समजत होते की चौक म्हणजे उजेडासाठी सोडलेली जागा. ती आहेच, पण त्याहून जास्त ती एक पायरी आहे, कोणी कुठवर यायचं हे न बोलता सांगणारी.

आणि मग आत्याने मोजायला सुरुवात केली. ओसरीवरच्या खांबांना हात लावत, एक खण, दोन खण, तीन खण.

खण हा शब्द मला चोळीच्या खणापुरता आणि कपाटाच्या खणापुरता माहीत होता. वाड्यात दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. पूर्वी घर केवढं हे फुटात सांगायचे नाहीत, खणात सांगायचे, तीन खणी सोपा म्हणजे ओसरी, पाच खणी माजघर. कारण असं की घराची लांबीरुंदी लाकूड ठरवतं. खांबावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर माती आणि चुना, ह्याला कडीपाट म्हणतात. कडी जेवढी लांब मिळेल आणि वाकणार नाही तेवढीच खोली रुंद. सागाची कडी म्हटली तरी फार लांब टाकली की मधे झोल येतो. म्हणून वाड्यातल्या खोल्या रुंद नसतात, लांब असतात, खणामागून खण जोडत चौकाभोवती पळत जातात. हे एकदा कळलं आणि मला सगळा वाडाच वेगळा दिसायला लागला, आधी भिंती दिसत होत्या, आता खांब दिसायला लागले. भिंत नंतरची आहे, आधी लाकडाचा सांगाडा उभा राहतो आणि मग त्यात विटा भरतात.

"म्हणून तर भूकंपात टिकले," आत्या म्हणाली. १९६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा भूकंप तिला आठवतो, ११ तारीख, पहाटेचं, अजून अंधारच. गावात नुसत्या दगडमातीच्या भिंती बसल्या, आमच्या वाड्याच्या विटा सांध्यातून निसटल्या, चुन्याचे पोपडे पडले, पण सांगाडा उभा राहिला. रात्रभर लाकूड करकरत होतं म्हणे. लाकडाला थोडं इकडेतिकडे झुकता येतं, सांधे खिळ्यांनी ठोकलेले नसतात तर एकमेकांत बसवलेले असतात, त्यामुळे ते हलतात आणि परत जागेवर येतात.

खांबाच्या तळाशी आम्ही दोघी जमिनीवर बसलो, खरंच बसलो, कारण तिला मला तळखडा दाखवायचा होता. खांब कधीच जमिनीत पुरत नाहीत. खाली घडीव दगडाची बैठक असते ती तळखडा. खांबाच्या बुडाला छोटा दांडा ठेवतात, तो दगडातल्या खड्ड्यात बसतो. जमिनीतली ओल लाकडाला लागत नाही, वाळवीला चढायचं तर उघड्या दगडावरून चढावं लागतं आणि ती केरसुणी मारताना दिसते. दगडावर साधी नक्षी, वर खांबाच्या बुडाशी जरा फुगवटा. मी नखाने सांधा चाचपला. अडीचशे वर्षं होत आली आणि दगड आणि लाकूड यांच्यामधे नख शिरत नाही.

दुपारी चौकात ऊन उतरलं आणि आम्ही ओसरीवर डबा खाल्ला. बाहेर बऱ्यापैकी तापलं होतं पण ओसरीवर गार. भिंतींची जाडी हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी सावलीतली गार हवा ओसरीवरून, दारादारातून सरकत येते. आत्याच्या पदराचं टोक हलत होतं तेवढाच वारा, पण दिवसभर तेवढा पुरतो.

जेवताना चुन्याचा विषय निघाला. आमच्या गावात ओढ्याजवळ चुन्याची घाणी होती, गोल दगडी चर, त्यात उभं दगडी चाक, बैल फिरवायचा. भिजवून मुरवलेला चुना आणि वाळू त्यात दळत राहायचे, वरून गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. आजोबा शेवटची घाणी चालली तेव्हा लहान होते. चुन्याचं असं आहे की तो पटकन घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत वर्षानुवर्षं पुन्हा दगड होत जातो. आणि तो श्वास घेतो, भिंतीत शिरलेली ओल बाहेर सोडतो. आमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीला १९९० च्या आसपास एका ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा केला, पक्कं होईल म्हणून. तीन पावसाळ्यांत आतल्या विटांचं पीठ झालं. ओल जमिनीतून चढतच होती, तिला बाहेर पडायला जागा राहिली नाही, मग आतल्या आत क्षार फुलले आणि विटा फुटल्या. वाडा उतरवायचं ठरलं त्याची सुरुवात त्या भिंतीपासून झाली. आत्या हे सांगताना चिडली नाही, पण डबा बंद करून ठेवला. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, कोणाकडे जुना चुन्याचा वाडा असेल तर सिमेंट लावू नका, चुन्याचं काम जाणणारे गवंडी अजून आहेत, ते शोधा.

मग वर. जिना भिंतीच्या जाडीतच आहे, अरुंद, पायऱ्या उंच आणि अंधार. मोबाईलचा टॉर्च लावून, आत्याला पुढे घालून, एक हात तिच्या पाठीला. माडीवर भिंतचित्रं आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर देवादिकांची चित्रं, भोवती वेलबुट्टीची पट्टी, गेरूचा लाल सगळ्यात टिकलेला, बाकीचे फिके पडलेले. मला मोठ्या आकृत्यांपेक्षा कडेची रेघ जास्त आवडली. एका ठिकाणी ती रेघ कोनाड्यापाशी आलीय आणि कोनाड्याची महिरप संपेपर्यंत तिची जाडी जराही बदललेली नाही, एका दमात ओढलेली. काढणाऱ्याचं नाव कुठे नाही. पण त्याच्याच जरा खाली कोणीतरी खिळ्याने स्वतःचं नाव आणि बदाम कोरलाय. अशी बरीच नावं आहेत. मला रडायला आलं, खोटं नाही सांगत. तो गिलावा एकदा उडाला की परत होत नाही, वर रंग देऊन भरता येत नाही.

नानांचा पलंगही आहे वाड्यात. पण मी जास्त विचार केला तो कागदांचा. फडणिशी करणारा माणूस, त्याचं घर म्हणजे अर्धं दफ्तरच. मेणवली दफ्तर म्हणून अभ्यासकांना जे माहीत आहे ते मोडीतले कागद इथलेच. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी त्यातलं बरंच मिळवलं, छापलं, आणि त्यांचा संग्रह पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. म्हणजे ज्या माडीच्या कोनाड्यात आज टॉर्च मारला तर धूळ दिसते, तशा कोनाड्यांतून उत्तर हिंदुस्थानपासून कर्नाटकपर्यंतच्या बातम्यांचे कागद रुमालात बांधून ठेवलेले असणार. कागद कोरडे राहिले म्हणून वाचले, आणि कोरडे राहिले ते ह्या जाड भिंतींमुळे आणि चुन्यामुळे. मला तरी त्या लढायांइतकंच हे महत्त्वाचं वाटतं.

पाच वाजता काका म्हणाले आता बंद करायचंय. आत्याच्या वहीत तोवर चार पानं भरली होती.

दिवस तिसरा

आज उलट्या बाजूने गेलो, नदीकडून. आत्याचं म्हणणं की नदीकाठच्या घराला दोन पुढच्या बाजू असतात, एक लोकांसाठी, एक घरच्यांसाठी.

मेणवलीचा घाट मी सिनेमात बघितला होता, तुम्हीही बघितला असणार, पण प्रत्यक्षात तो लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच मनात भरतो. अर्धचंद्रासारखा वळलेला, पायऱ्या पार पाण्यात गेलेल्या. नदीचं पाणी ऋतूप्रमाणे वरखाली होतं, म्हणून पायऱ्यांच्या मधे मधे रुंद टप्पे, उन्हाळ्यात खालच्या टप्प्यावर धुणं, पावसाळ्यात वरच्या. एक बाई गोधडी आपटत होत्या, त्या आवाजाने पक्षी उडाले. देवळं काळ्या दगडातली, मेणेश्वराच्या गाभाऱ्यात पाय ठेवला की तळव्यांना गारवा.

आणि घंटा. देवळासमोर एक छोटी दगडी कमानदार चौकट आहे, देवळीसारखी, खास तिच्यासाठी बांधलेली. घंटा आपल्या देवळातल्या घंटांसारखी दिसत नाही, मोठी, सुमारे ६५० किलोची, पंचधातूची, आणि तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. साल १७०७. ही पोर्तुगीजांची घंटा. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा मराठ्यांच्या हाती ज्या घंटा आल्या त्यातली ही एक. अशीच पोर्तुगीज घंटा भीमाशंकरला आहे, तिच्यावर १७२९ साल आहे, आणि नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, ती १७२१ ची. म्हणजे मेणवलीची त्या दोन्हींहून जुनी, आणि वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता. चर्चमधे अशी घंटा आख्खी झुलवतात, आपल्याकडे घंटा स्थिर आणि आतला लोळ हलतो. बांधणाऱ्याने तिच्यासाठी ही चौकट केली, आणि मेरीची आकृती कोणी घासून काढली नाही, आहे तशी शिवाच्या देवळासमोर टांगली. मी काठावर नुसतं बोट ठेवलं. थंडगार. आत्याने खालून दोन्ही हात जोडले, मेरीला की महादेवाला ते मी विचारलं नाही.

नदीकडे तोंड करून आम्ही खूप वेळ बसलो आणि मी आत्याला नानांचा उत्तरार्ध सांगितला, तिला तो नीट माहीत नव्हता. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि सगळं विस्कटलं. पुढच्या वर्षी नानांना पुणं सोडावं लागलं, ते वाईकडे आले, आणि तिथून कोकणात उतरून महाडला गेले. परत आले, परत कारभार, मग १७९७ च्या शेवटच्या दिवशी शिंद्यांच्या माणसांनी पकडलं, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं, सुटले, आणि १३ मार्च १८०० ला पुण्यात वारले. मागे राहिली जिऊबाई, अगदी कोवळ्या वयाची विधवा. लोहगड, पनवेल असं फिरत शेवटी पेशवाई बुडाल्यावर ती इथे मेणवलीला येऊन राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथेच होती. मुंबईच्या गव्हर्नरची बायको लेडी फॉकलंड तिला भेटायला या वाड्यात आली होती.

आत्या म्हणाली, "म्हणजे नाना ह्या वाड्यात असे किती राहिले असतील गं, सतत पुण्यात. खरा वाडा राहिली ती जिऊबाई." मला हे सुचलंच नव्हतं. आपण म्हणतो नानांचा वाडा, पण त्याच्या चौकात चाळीसेक पावसाळे पन्हाळीचा आवाज ऐकला तो तिने. मग आम्ही परत आत गेलो, आज फक्त आतल्या चौकांत, आणि आत्या तिथल्या उंबऱ्यांवरून हात फिरवत फिरली. आतल्या उंबऱ्यांना मधोमध खळगा पडलाय, पाय पडून पडून लाकूड झिजलंय. बाहेरचे उंबरे मोठे आहेत, उंच आहेत, पण मला दिसलं ते असं की मधला खळगा आतल्या दारांनाच जास्त.

निघताना काकांना नमस्कार केला. वाडा फडणवीसांच्या वंशजांकडेच आहे, आणि एवढं लाकूड, एवढी कौलं दर पावसाळ्याआधी बघायची म्हणजे काय असतं ते आत्याला माहीत आहे, ती त्यांना म्हणाली, "वळचणीची पन्हाळ तेवढी साफ ठेवा दादा, पाणी तिथूनच शिरतं." ते म्हणाले, "दर मे महिन्यात करतो, मावशी."

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. सुरूर फाटा गेला तरी आत्या काही बोलली नाही, वहीत काढत होती. मला वाटलं मेणवलीचा नकाशा पुरा करतेय. डोकावून बघितलं तर तो मेणवलीचा नव्हता. दोन चौक. दिंडी, देवडी, डावीकडे तीन खणी सोपा, तुळशीवृंदावन, विहिरीकडचं दार. प्रत्येक खांबाला एक टिंब. मी श्वास रोखून बघत राहिले. स्वयंपाकघर काढलं, देवघर काढलं, भिंतीतला जिना काढला, आणि माजघरापाशी पेन थांबलं. चार टिंबं काढली, एक खोडलं, परत काढलं.

मग तिने पर्समधून फोन काढला आणि माझ्या बाबांना लावला.

"अरे, आपल्या माजघराचे खण किती रे? चार का पाच?"

घाटात रेंज तुटत होती, तिने स्पीकर लावला. बाबा जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ताई, पाच. पाचव्यात ज्वारी साठवायचं बळद होतं, म्हणून तुला चारच दिसायचे."

आत्याने पाचवं टिंब काढलं आणि त्याच्याभोवती बळदाचा गोल.